शासनाने मुक्त आज्ञावलीच वापरावी का?

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर म्हणून ओळखले जाते. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेला लागणारे रूळ मुख्यतः याच कारखान्यात तयार होत आले आहेत. रुळाचा आकार, त्याचे वजन आणि दोन रुळांमधील अंतर ही सर्व मापे रेल्वेने ठरवून जाहीर केलेली असतात. रुंदमापी मार्गावर हे अंतर १,६७६ मिलिमीटर असते. हे माप सर्वांना ठाऊक असल्यामुळेच भिलाईच्या रुळांवरून चित्तरंजनला बनलेले इंजिन धावते आणि चेन्नईला बनलेले डबेही धावतात. एखाद्या कारखान्याने हे माप गुप्त ठेवले असते आणि त्या रुळांवरून केवळ आपलीच इंजिने धावतील अशी व्यवस्था केली असती, तर पुढील प्रत्येक इंजिन त्याच कारखान्याकडून, तो सांगेल त्या किमतीला घ्यावे लागले असते.

रेल्वेच्या बाबतीत ही कल्पना हास्यास्पद वाटते. संगणकाच्या बाबतीत मात्र जगातील बहुतेक शासनांनी अनेक वर्षे नेमके हेच होऊ दिले. म्हणूनच एक प्रश्न गेली वीस-पंचवीस वर्षे वारंवार विचारला जात आहे. शासकीय कार्यालयांत मुक्त आज्ञावलीच वापरली पाहिजे असा कायदा असावा काय?

मुक्त आणि बंदिस्त

संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचाला आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. या सूचना प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिल्या जातात. त्या लेखनाला मूळ आज्ञावली म्हणता येईल. नंतर तिचे यंत्राला कळणाऱ्या शून्य आणि एकच्या मालिकेत रूपांतर होते. यंत्र आणि यंत्राचे आराखडे यांत जो फरक असतो, तोच या दोन रूपांत असतो. बंदिस्त आज्ञावली विकणारी कंपनी ग्राहकाला यंत्र देते, आराखडे देत नाही. ग्राहकाला मिळतो तो केवळ वापराचा परवाना. त्या आज्ञावलीत बदल करणे, तिची प्रत दुसऱ्याला देणे, किंवा ती आतून काय करते हे तपासणे, यांपैकी काहीही त्याला करता येत नाही.

मुक्त आज्ञावलीबरोबर आराखडेही मिळतात. ती कोणत्याही कामासाठी वापरावी, तिचा अभ्यास करावा, तिच्या प्रती वाटाव्यात, तिच्यात सुधारणा करून ती सुधारलेली प्रतही वाटावी, अशी चार स्वातंत्र्ये ती घेणाऱ्याला असतात. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या विचाराची चळवळ सुरू केली आणि १९८९ साली त्यासाठीचा सार्वजनिक परवाना तयार केला. पुढे १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून तो सर्वांसाठी खुला केला. आज जगातील बहुसंख्य मोठी संकेतस्थळे लिनक्सवर चालतात, आणि ज्या भ्रमणध्वनीवर अँड्रॉइड आहे त्याच्याही तळाशी लिनक्सच असते.

येथे एका शब्दाविषयी सावध राहिले पाहिजे. इंग्रजीत मुक्त आणि मोफत या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तिकडे नेहमी घोटाळा होतो. मराठीत दोन स्वतंत्र शब्द आहेत, तरीही घोटाळा आपल्याकडे कमी होत नाही. मोफत मिळणारी प्रत्येक आज्ञावली मुक्त नसते, आणि मुक्त आज्ञावलीसाठी पैसे पडतच नाहीत असेही नाही. ती बसवणे, चालवणे, कर्मचाऱ्यांना शिकवणे, बिघाड झाल्यास दुरुस्त करणे यांचा खर्च असतोच. शासनाचे परवान्याचे पैसे वाचतील हा मुद्दा या वादात सर्वांत आधी मांडला जातो, परंतु खरे पाहता तो सर्वांत दुबळा मुद्दा आहे. पैशांपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते, ती म्हणजे शासनाकडे असलेली लोकांची कागदपत्रे.

कुलूपबंद अक्षरे

भिलाईच्या वैशाली नगरात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करू. भिलाई कारखान्याच्या निमित्ताने नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतून अनेक मराठी कुटुंबे येथे आली. १९५६ पूर्वी हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता, त्यामुळे ये-जा जुनीच आहे. अशा कुटुंबाची शेती भंडारा जिल्ह्यात असेल तर तिचा सातबारा महाराष्ट्र शासनाकडे, मराठीत असतो. आजोबांची नोकरीची नोंद पोलाद कारखान्यात असते. मुलांच्या जन्माची नोंद भिलाईच्या महानगरपालिकेत आणि शिधापत्रिकेची छत्तीसगड शासनाकडे, दोन्ही हिंदीत असतात. एका घराच्या जीवनाचा लेखी पुरावा असा निरनिराळ्या कार्यालयांच्या संगणकांत विखुरलेला असतो. या कार्यालयांनी एकमेकांची लिपी वाचली पाहिजे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच आहे, मग अडचण कोठे येते?

अडचण अशी की संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. क्रमांकाशी कोणते अक्षर जोडायचे हे सर्वांनी एकमताने ठरवले नसेल, तर एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नाही. १९९० नंतरच्या काळात देवनागरी लिहिण्यासाठी जे फाँट प्रचलित झाले, त्यांपैकी प्रत्येकाने आपापली जोडणी केली. त्यांनी रोमन अक्षरांच्या जागांवरच देवनागरीची चित्रे बसवली. उत्तर भारतात आणि छत्तीसगडमध्ये सर्रास वापरल्या गेलेल्या कृतिदेव या फाँटात ‘भारत’ हा शब्द लिहिला, तर संगणकाच्या स्मृतीत तो एच, के, के, जे, आर अशा पाच रोमन अक्षरांच्या रूपात साठवला जातो. ज्या संगणकावर कृतिदेव आहे तेथे पडद्यावर ‘भारत’ दिसते, ज्यावर नाही तेथे ही निरर्थक अक्षरे दिसतात. महाराष्ट्रातील कार्यालयांत आणि छापखान्यांत श्रीलिपी, आकृती, तसेच सी-डॅक या शासकीय संस्थेचे फाँट वापरले जात. त्यांची जोडणी कृतिदेवशी जुळत नसे आणि आपसांतही जुळत नसे. दोन कार्यालयांत एकच भाषा, एकच लिपी आणि एकाच कंपनीचे संगणक असूनही एकाची फाईल दुसऱ्याला उघडता येत नसे. फाँट बदलला की मजकूर गेला. फाँट विकणारी कंपनी बंद पडली किंवा तिने जुन्या फाँटाची निर्मिती थांबवली, तर तो मजकूर उघडण्याचा मार्गही बिकट होत जाई.

या फाँटांच्या निर्मात्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते योग्य होणार नाही. जगातील मोठ्या कंपन्यांना भारतीय भाषांत नफा दिसत नव्हता, त्या काळात मराठी वृत्तपत्रे, पुस्तके आणि शासकीय आदेश संगणकावर आले ते यांच्याच श्रमांमुळे. चूक दुसऱ्या ठिकाणी झाली. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचे राष्ट्रीय मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ सालीच प्रसिद्ध केले होते. रुळांचे माप ठरलेले होते. मात्र फाँट तयार करणाऱ्यांनी आणि ते विकत घेणाऱ्या कार्यालयांनी ते पाळलेच पाहिजे अशी परिणामकारक सक्ती झाली नाही. पुढे जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणारे युनिकोड आले. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा राखलेला आहे आणि त्याची रचना इस्कीवरूनच घेतलेली आहे. केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक म्हणून २००९ साली अधिसूचित केले. इस्की आणि ही अधिसूचना यांच्यामध्ये अठरा वर्षे गेली. त्या अठरा वर्षांत टंकलिखित झालेल्या लाखो पानांचे काय करावे हा प्रश्न अनेक कार्यालयांना आजही सुटलेला नाही.

या उदाहरणातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. युनिकोड हे मानक आहे, ती आज्ञावली नव्हे. बंदिस्त असलेली विंडोज प्रणालीही युनिकोड वापरते. तिच्याबरोबर येणारा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट मुंबईचे ख्यातनाम सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला आहे. मुक्त असलेली लिनक्स प्रणालीही युनिकोडच वापरते. मानक खुले आणि समान झाल्याबरोबर बंदिस्त व मुक्त या दोन्ही प्रकारच्या आज्ञावलींत मराठी मजकूर सारखाच उघडू लागला. तेव्हा आज्ञावली मुक्त असणे ही एक गोष्ट आणि मजकूर साठवण्याची पद्धत खुली असणे ही दुसरी गोष्ट, असा भेद केला पाहिजे. पहिलीवर पुष्कळ वाद होतो, पण नागरिकाच्या दृष्टीने दुसरी अधिक निकडीची आहे.

पुण्यातील भाषणापासून २०१५ च्या धोरणापर्यंत

भारतात हा विषय सार्वजनिक चर्चेत ठळकपणे आला तो पुण्यातून. मे २००३ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी पुण्याच्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी या संस्थेत भाषण केले. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांच्याशी आदल्या वर्षी झालेल्या भेटीत आपले मतभेद कसे झाले हे त्यांनी त्यात सांगितले, आणि भारतासारख्या देशाने मुक्त आज्ञावलीचा मार्ग मोठ्या प्रमाणावर धरावा असे प्रतिपादन केले. कलाम हे स्वतः क्षेपणास्त्रांच्या निर्मितीत आयुष्य घालवलेले अभियंते होते. ज्या तंत्राचे आराखडे दुसऱ्याच्या हाती आहेत ते तंत्र ऐन वेळी कसे नाकारले जाते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्यानंतर सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली तयार केली. २०१० साली केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, आणि २०१५ साली मुक्त आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. हे दुसरे धोरण काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहे. शासन आपल्या सर्व ई-प्रशासन व्यवस्थांमध्ये मुक्त आज्ञावलीला प्राधान्य देण्याचा ‘प्रयत्न करील’ असे त्यात म्हटले आहे. निविदेत पुरवठादारांनी मुक्त पर्यायाचा विचार करावा अशी अट घालावी, आणि तो वगळला तर त्याचे समर्थन द्यावे, असेही सांगितले आहे. मात्र योग्य मुक्त आज्ञावली उपलब्ध नसणे, तातडीची गरज असणे, किंवा त्या तंत्राचे जाणकार नसणे अशा कारणांसाठी कार्यालयांना अपवाद करण्याची मुभा आहे.

म्हणजे भारतात सक्ती नाही, प्राधान्य आहे. यात शहाणपणाही आहे आणि पळवाटही आहे. जाणकार नाहीत म्हणून अपवाद करायचा, आणि अपवाद केल्यामुळे जाणकार तयार व्हायचे नाहीत, हे चक्र कोणत्याही कार्यालयात वर्षानुवर्षे फिरत राहू शकते. पेरू या देशाचा अनुभव असाच आहे. तेथील एडगर व्हिलानुएव्हा या लोकप्रतिनिधीने मुक्त आज्ञावलीच्या सक्तीचे विधेयक मांडले होते. त्यावर मायक्रोसॉफ्टने आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी २००२ साली दिलेले उत्तर जगभर वाचले गेले. नागरिकांना सार्वजनिक माहिती विनाअडथळा मिळावी, ती माहिती दीर्घकाळ टिकावी आणि राष्ट्राची सुरक्षितता राहावी, या तीन कारणांसाठी शासनाने आपल्या खरेदीला अटी घालणे योग्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कंपन्यांनी काय विकावे यावर विधेयक बंदी घालत नव्हते, शासनाने काय विकत घ्यावे एवढेच ते ठरवत होते. तथापि २००५ साली पेरूत जो कायदा झाला तो सक्तीचा नव्हता. कोणतीही आज्ञावली घेण्यापूर्वी तिचे तटस्थ मूल्यमापन करावे, एवढ्यावरच तो थांबला.

सक्तीच्या विरुद्ध काय म्हणता येते

सक्ती नको म्हणणारे सगळेच कंपन्यांचे हितचिंतक असतात असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांच्या बाजूने सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीतील म्युनिक शहराचे आहे. तेथील नगर परिषदेने २००३ साली आपले संगणक विंडोजवरून लिनक्सवर नेण्याचे ठरवले. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटावयास गेले, तरी निर्णय बदलला नाही. सुमारे दहा वर्षांत जवळजवळ १५ हजार संगणक लिनक्सवर आले. हा प्रयोग यशस्वी झाला असे वाटत असतानाच २०१७ साली त्याच नगर परिषदेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. काही विभागांना लागणाऱ्या विशिष्ट आज्ञावली केवळ विंडोजवरच चालत होत्या, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, आणि शहराच्या संगणकव्यवस्थेचा कारभार अनेक विभागांत विभागलेला होता. राजकीय नेतृत्वही बदलले होते. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने पुन्हा मुक्त आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे मान्य केले. जे शहर दोनदा दिशा बदलते त्याचा खर्च दोन्ही वेळा नागरिकच भरतात.

केरळमध्ये मात्र शाळांतील बदल टिकला. तेथे शाळांसाठीचा संगणक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत तो पूर्णपणे मुक्त आज्ञावलीवर आला. म्युनिकमध्ये जे फसले ते केरळात का साधले? केरळने आधी शिक्षकांना तयार केले. हजारो शिक्षकांचे प्रशिक्षण झाले, त्यांच्यातूनच पुढील प्रशिक्षक आले, पाठ्यपुस्तके त्याच आज्ञावलींवर लिहिली गेली, आणि मल्याळम भाषेसाठी झटणारे स्वयंसेवकही जोडीला होते. सरकारी आदेश आला तेव्हा तो पाळू शकणारी माणसे तयार होती किंवा होत होती.

माणसांच्या सवयीचा हा मुद्दा महाराष्ट्राच्या आणि छत्तीसगडच्या वाचकाला सहज पटेल. महाराष्ट्रात शासकीय नोकरीसाठी एमएस-सीआयटी, आणि छत्तीसगडमध्ये अनेक पदांसाठी डीसीए किंवा पीजीडीसीए हे संगणक अभ्यासक्रम लाखो तरुणांनी केले. अशा अभ्यासक्रमांतून संगणक शिकणे म्हणजे बहुधा विंडोज आणि एमएस ऑफिस शिकणे असे समीकरण तयार झाले. पत्र लिहिणे, तक्ता करणे, बेरीज करणे ही कौशल्ये कोणत्याही आज्ञावलीत सारखीच असतात. पण ज्याला विशिष्ट चित्रावर बोट ठेवण्याची सवय झाली आहे, त्याला ते चित्र दुसरीकडे गेले की आपल्याला काहीच येत नाही असे वाटते. कार्यालयातील कारकुनाने या भीतीपोटी बदलाला विरोध केला, तर त्याला हट्टी म्हणून चालणार नाही. त्याला तसेच शिकवले गेले होते.

सुरक्षिततेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी वापरला जातो. आराखडे उघडे असले की दोष लवकर सापडतात, असे मुक्त आज्ञावलीचे समर्थक म्हणतात. ते बहुतांशी खरे असले तरी २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्त आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघड झाला, तेव्हा तो दोन वर्षे तेथेच होता. वाचण्याची मुभा असणे आणि कोणी वाचणे यांत अंतर असते. दुसऱ्या बाजूला, जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. सगळी कार्यालये एकाच प्रकारच्या यंत्रावर विसंबली की काय होते, हे त्या दिवशी दिसले. मुक्त असो वा बंदिस्त, एकाच आज्ञावलीची सरसकट सक्ती केली तर हाच धोका राहील.

कशाची सक्ती असावी

मग शासनाने हात जोडून बसावे असे नाही. सक्ती आज्ञावलीच्या जातीची नसावी, ती मापाची असावी. शासनाकडे तयार होणारा प्रत्येक दस्तऐवज, प्रत्येक नोंद, खुल्या मानकातच साठवली पाहिजे, आणि या नियमाला ‘प्रयत्न करील’ अशी मऊ शब्दयोजना चालणार नाही. इस्कीचा अनुभव त्यासाठी पुरेसा आहे. हा नियम कडक असला तर बंदिस्त आज्ञावली वापरणारे कार्यालयही उद्या ती सोडू शकते, कारण त्याचे कागद त्याच्याच ताब्यात राहतात. कागदांची खुली पद्धत ही काही सैद्धांतिक गोष्ट नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या दस्तऐवजांची पद्धत आंतरराष्ट्रीय मानक व्हावी म्हणून प्रयत्न केला, तेव्हा २००७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये भारताने त्याविरुद्ध मत दिले होते. खुल्या दस्तऐवजांसाठी २००६ पासून एक आंतरराष्ट्रीय मानक अस्तित्वात असताना दुसरे कशाला, हा विरोधकांचा एक आक्षेप होता.

दुसरी सक्ती जनतेच्या पैशातून बनवून घेतलेल्या आज्ञावलींपुरती असावी. बाजारातून घेतलेली तयार वस्तू वेगळी आणि करदात्यांच्या पैशातून मुद्दाम लिहून घेतलेली आज्ञावली वेगळी. हिचे आराखडे शासनाकडे असलेच पाहिजेत. छत्तीसगडने २००७ पासून धान्यखरेदी आणि शिधावाटप यांचे संगणकीकरण केले, तेव्हा त्याची आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र या शासकीय संस्थेनेच लिहिली. त्यामुळे नियम बदलले की आज्ञावली बदलण्यासाठी कोणत्याही कंपनीच्या दारात जावे लागत नव्हते. ज्याचे तांदूळ त्या यादीवर अवलंबून आहेत त्याला या फरकाची किंमत कळते. शासनाकडे असणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी ती जनतेसमोर ठेवण्याची. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या आरोग्य सेतू या अॅपवर, ते माहितीचे काय करते हे कळत नाही अशी टीका झाली, आणि मे महिन्याच्या अखेरीस शासनाने त्याची मूळ आज्ञावली खुली केली. टीका होण्याची वाट न पाहता हे आधीच करता आले असते. संरक्षणासारख्या क्षेत्रांत अपवाद राहतील, परंतु तेथेही आराखडे आपल्याच हाती असणे अधिक गरजेचे असते. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये विंडोजच्या जागी उबंटूवर आधारित ‘माया’ ही प्रणाली आणण्याचे ठरवले, त्यामागे हेच कारण होते.

येथे स्वदेशी आणि मुक्त यांचीही गल्लत होऊ देऊ नये. २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहो या भारतीय कंपनीचा कार्यालयीन संच वापरण्यास सांगितले. कंपनी भारतीय असणे ही चांगलीच गोष्ट आहे, पण तो संच बंदिस्त आहे. कुलूप आपल्या गावच्या लोहाराने केले म्हणून त्याची किल्ली आपल्याजवळ येत नाही.

मुक्त आज्ञावलीचा एक लाभ मात्र असा आहे की जो कोणत्याही मानकाने मिळत नाही, आणि लहान भाषांना तो फार मोलाचा आहे. ज्या भाषेत नफा नाही त्या भाषेत कंपनी आपली आज्ञावली आणत नाही, आणि आराखडे बंद असल्यामुळे त्या भाषेच्या लोकांनाही ती आणता येत नाही. हिंदी लेखक आणि तंत्रज्ञ रविशंकर श्रीवास्तव, जे रवि रतलामी या नावाने परिचित आहेत, त्यांनी केडीई या लिनक्सवरील मुक्त कार्यपटलाचे छत्तीसगडी रूप तयार केले. त्यासाठी त्यांना कोणाचीही परवानगी मागावी लागली नाही. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांची मराठी रूपेही बहुतांशी स्वयंसेवकांच्याच कामातून आलेली आहेत.

राहता राहिला तो जुन्या फायलींचा प्रश्न. कृतिदेव, श्रीलिपी किंवा तत्सम फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये नेणारी रूपांतरके आता उपलब्ध आहेत, त्यांपैकी काही मुक्तही आहेत. पण ती पूर्णपणे भरवशाची नाहीत. जुने फाँट अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवत, युनिकोड ती उच्चाराच्या क्रमाने साठवते. ‘निधी’ या नावातील ऱ्हस्व वेलांटी जुन्या फायलीत ‘न’च्या आधी असते, ती आता नंतर न्यावी लागते. ‘कीर्ती’ या नावातील रफार जुन्या फायलीत शेवटी असतो, तो ‘त’च्या आधी आणावा लागतो. जोडाक्षरे आली की यंत्र चुकते, आणि सर्वांत जास्त चुकते ते माणसांच्या व गावांच्या नावांत, म्हणजे नेमके जेथे चुकून चालणार नाही तेथे. म्हणून रूपांतर झालेली प्रत्येक यादी लेखनाचे नियम जाणणाऱ्या माणसाला मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावी लागते, आणि मूळ छापील प्रत ज्यांनी जपून ठेवली आहे त्यांनाच ते करता येते.